चार वाजताची कुरकुर

मास्तरांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. "ताई, तुम्ही एकदा घरी याच," ती म्हणाली. "बाबा आता इतके गोड झालेत ना, तुम्ही ओळखणार नाही. काही म्हणजे काही कटकट नाही. वाढलं ते खातात, कसे आहात विचारलं की मजामां म्हणतात. तुम्ही मिलमध्ये त्यांचं किती ऐकून घेतलंत, आता जरा सुखाचं बघून जा." बिचारी खरंच आनंदात होती, फोनमधूनही तिचं हसू कळत होतं. मी मात्र सुरी खाली ठेवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"कटकट बंद कधीपासून आहे त्यांची?"

तिला प्रश्नच कळेना. दिवाळीपासून असेल, ती म्हणाली, पण तुम्ही असं का विचारता? मी म्हटलं, रविवारी येते, आल्यावर बोलू. फोन ठेवला तर नवरा म्हणतो, "म्हातारा माणूस शांत झाला, त्यात तुझं काय दुखतं?" आता याला काय सांगायचं. मास्तर मजामां म्हणाले, यातली भीती त्यांच्या हाताखाली काम केलेल्यालाच कळणार.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये रंगखात्याचा जो मुख्य असतो त्याला सगळे मास्तर म्हणतात. आमचे मास्तर खानदेशातले. घरात अहिराणी, शेठशी गुजराती, आमच्याशी मराठी आणि मशीन अडलं की तिन्ही भाषांतल्या शिव्या, असा त्यांचा कारभार. मी त्यांच्या लॅबमध्ये शेड जुळवायला होते, अजूनही आहे. व्यापारी कापडाचा एक तुकडा पाठवतो आणि म्हणतो, असाच रंग पाहिजे. आपण आधी लहानशा कापडावर तो रंग काढायचा, दोन्ही तुकडे दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवायचे, आणि जुळले असं डोळ्याने सांगितलं की मग मोठा लॉट मशीनमध्ये जातो. डोळा चुकला की लॉट गेला. आता म्हणाल, यंत्रं आहेत की. आहेत, आमच्याकडेही आहे, पण शेवटी व्यापारी काही यंत्राच्या डोळ्याने साडी बघत नाही.

मी कामाला लागले त्या दिवशी लाल ओढणी घेऊन गेले होते. पहिला दिवस म्हणून जरा चांगली. मास्तरांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "ती ओढणी बाहेर ठेवून ये. तिचा लाल माझ्या कापडावर पडतो." मला इतका राग आला होता. स्वतः कायम पांढऱ्या सदऱ्यात आणि पांढऱ्या लेंग्यात. मिलमध्ये निघालेले कमी आणि कुणाच्या तरी दहाव्याला निघालेले जास्त वाटायचे. रंगात जन्म काढलेल्या माणसाच्या अंगावर रंगाचा एक ठिपका कधी दिसला नाही. लॅबच्या भिंतीवर त्यांनी कोऱ्या कापडाचा एक मोठा तुकडा टांगून ठेवला होता, न धुतलेला, न रंगवलेला, मळकट भुरा. एक शेड बघून झाली की दुसरी हातात घेण्याआधी त्या कापडाकडे बघत बसायचं. त्याला ते म्हणायचे, डोळे धुणं. "धुतले का डोळे?" दिवसभर हेच. बाहेरचा कुणी आला तर त्याला वाटायचं, इथे सगळ्या बायका मिळून भिंतीची पूजा करतात की काय.

पण हे काहीच नाही. खरा नमुना चार वाजता कळायचा.

चार वाजता चहा यायचा. मशीन चालू राहायचं, पण लॅबमधले आणि शेजारच्या कलर किचनमधले, म्हणजे जिथे रंग मोजून कालवतात तिथले, सगळे एका टेबलाभोवती जमायचे. मास्तर बशीत चहा ओतायचे, एक घोट घ्यायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "हा चहा शे का गुळाचा पाक?" ही त्यांची पहिली तक्रार. मग ते ओळीने प्रत्येकाकडे वळायचे. "काय वं माय, आज काय कुरकुर शे?" आणि तुम्हाला सांगावीच लागायची. कालची चालायची नाही, आजची ताजी पाहिजे. पंखा कुचकुचतोय, शेजारी बसणाऱ्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येतो, साहेब सकाळी सगळ्यांसमोर बोलले, सासूने डब्यात परत वाटाणाच दिला, काहीही. मास्तर मान डोलवून ऐकायचे. काही करता येण्यासारखं असलं तर उठून करून यायचे, नसलं तर म्हणायचे, "बरं, झाली सांगून." बस, तेवढंच.

मी जन्मजात कुरकुरी. माझी आई म्हणायची, हिला स्वर्गात नेलं तरी ही पायऱ्या उंच आहेत म्हणेल. त्यामुळे चार वाजताच्या टेबलावर माझं फार बरं चाललं. मला तर कधी कधी दोन-तीन साठलेल्या असायच्या, मास्तर म्हणायचे, एक उद्यासाठी ठेव. पण ज्याला काही तक्रार नसेल त्याची धडगत नव्हती. आपल्या सुरतेत कुणाला केम छो विचारलं की समोरचा मजामां म्हणतो, मग त्याच्या घरात आग लागलेली का असेना. मास्तरांना या शब्दाचा भारी तिटकारा. "मजामां हे झाकण शे," ते म्हणायचे, "झाकण पाहून आत भाजी शे का करपेल शे ते कळत नही." चार वाजता कुणी मजामां म्हणालं की ते त्या माणसाकडे कोऱ्या कापडाकडे बघावं तसे बघत राहायचे.

एकदा मॅनेजमेंटने मोठ्या शहरातून एक बाई बोलावली होती, कामगारांचा ताण घालवायला. कार्यक्रम ठेवला पाळी सुटल्यावर. दिवसभर उभं राहिलेल्या माणसांना तिने आणखी उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या, मोठ्याने हसायला लावलं. जाताना भिंतीला एक तक्रारपेटी लावून गेली. मास्तर हसले नाहीत, टाळ्याही वाजवल्या नाहीत. शेवटी हात वर करून एवढंच म्हणाले, "बेन, हे पाळीच्या वेळात घेतलं असतं तर माणसं घरी जाऊन आपोआप हसली असती." त्या पेटीत पुढे ते शेंगदाणे ठेवायचे. पेटीत कधी चिठ्ठी पडली नाही, शेंगदाणे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

कलर किचनमध्ये वामनभाऊ होते, विदर्भातले. बोलणं असं की मिरची फिकी पडावी. गरमीवर बोलायचे, मॅनेजरवर बोलायचे, सुरतच्या गोड डाळीवर तर अर्धा तास. त्यांचा जोडीदार काम सोडून गेला आणि त्याची पाळीही वामनभाऊंच्या गळ्यात आली. पहिल्या महिन्यात त्यांनी त्यावरून टेबल डोक्यावर घेतलं. मग हळूहळू आवाज कमी होत गेला. एक दिवस मास्तरांनी विचारलं तर म्हणाले, "नाही जी, काही नाही. चालू आहे." आम्हाला वाटलं, माणूस सुधारला. मॅनेजर तर म्हणाला, आता कसा लाइनवर आला. मास्तर त्या दिवशी चहा अर्धा ठेवून उठले आणि शेठच्या केबिनमध्ये गेले. काय बोलणं झालं माहीत नाही, बाहेर आले तेव्हा कान लाल होते. दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटायच्या वेळी ते स्वतः गेटवर जाऊन उभे राहायचे आणि वामनभाऊ बाहेर पडेपर्यंत हलायचे नाहीत. आठवडाभरात दुसरा माणूस आला. वामनभाऊ तरी गप्पच. बऱ्याच दिवसांनी एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या चपला लई करकरतात, डोकं उठतं माझं." मास्तरांनी त्या दिवशी सगळ्यांना खमण मागवलं.

प्रत्येक वेळी त्यांचं बरोबरच असायचं असं नाही हं. आमच्याकडे एक मुलगी लागली होती. रोज विचारलं की लाजायची आणि काही नाही म्हणायची. मास्तरांनी तिला दोन दिवस सक्तीने घरी बसवलं. परत आली तर तोंड फुगलेलं. "मास्तर, मला खरंच काही तक्रार नाही. माझं लग्न जमलंय." मास्तर जरा ओशाळले. पण हार मानतील ते मास्तर कसले. म्हणाले, "मग हीच तुझी तक्रार ना, की मी उगाच घरी बसवलं? धर, आजची झाली."

आता माझं सांगते.

लग्नसराईचे दिवस होते. लग्नसराई म्हणजे लाल. कुंकू, डाळिंबी, मरून, राणी, नुसता लालच लाल. माझ्यासोबतची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि दोघींचा दिवा माझ्या एकटीवर आला. मी म्हटलं करू, त्यात काय. आणि केलं की. सकाळी लवकर जायचे, उशिरा यायचे. आधी मी एका शेडवर तीनदा शंका घ्यायचे, आता एका नजरेत जुळलं म्हणायचे. शेठ स्वतः लॅबमध्ये येऊन म्हणाले, बेन, तुम्ही तर मशीन आहात. मला फार छान वाटलं. घरी मुलगी काही सांगायला आली की मी हं हं करायचे, पण तिचं बोलणं माझ्यापर्यंत यायचंच नाही. रडू यायचं नाही, राग यायचा नाही, भूकही लागायची नाही. आणि मला वाटत होतं, मी किती शहाणी झाले.

चार वाजता मास्तर माझ्याकडे वळले. "काय वं माय?"

"काही नाही," मी म्हटलं, "सगळं ठीक आहे."

त्यांनी माझ्या दिव्याखालचे दोन तुकडे उचलले आणि मला खिडकीपाशी नेलं, उजेडात. मी जुळलं म्हणून ठेवलेला तुकडा व्यापाऱ्याच्या तुकड्यापेक्षा केवढा तरी लाल होता. आंधळ्यालाही दिसला असता. लाल बघून बघून डोळ्याला लाल कमी दिसायला लागतो, मग आपण रंगात आणखी लाल घालतो आणि आपल्याला वाटतं, आता कसं बरोबर जमलं. हे मला माहीत होतं, मीच नव्या मुलींना शिकवायचे. मास्तर म्हणाले, "दमलेला डोळा अडखळत नाही बाई. तो जास्त ठाम होतो. तुला शंका यायची बंद झाली तेव्हाच मी यायला पाहिजे होतं." मग त्यांनी दिवा बंद केला. "उद्यापासून तू इथे बसायचं नाही."

ऐन सीझनमध्ये मला दिव्यावरून काढलं. एरवी मी मिल डोक्यावर घेतली असती. पण मी पर्स उचलली आणि बरं म्हणून निघाले. मास्तरांनी नंतर मला सांगितलं की तुकडा बघून ते घाबरले नव्हते. मी भांडले नाही, त्याला ते घाबरले.

त्यांनी पंधरवडाभर माझा दिवा स्वतः सांभाळला. शेठ ओरडला, व्यापाऱ्यांचे लोक येऊन बसले, पण ते हलले नाहीत. मी घरी नुसती झोपायचे. उठायचं, खायचं, परत झोपायचं. मास्तर रोज चार वाजता फोन करायचे. "काय कुरकुर?" "काही नाही." "बरं." फोन बंद. असं कितीतरी दिवस. मग एका दुपारी मी झोपलेली असताना फोन वाजला आणि माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "मास्तर, तुम्हाला काही कामधंदा नाही का? माणसाला दुपारची झोपू पण देत नाही. आणि ऐन सीझनमध्ये मला घरी बसवलं, माझ्या जागी कुणाला घेणार होतात, सांगा ना?" आणखीही बरंच बोलले. बोलता बोलता रडायला लागले, थांबेचना. पलीकडून मास्तर शांतपणे म्हणाले, "ये सोमवारपासून."

सोमवारी गेले तर दिव्यापाशी दुसरी खुर्ची होती आणि त्यावर एक नवी बाई. मास्तरांनी शेठला सांगितलं होतं म्हणे, की तिला एकटीला परत बसवणार असाल तर मीच येत नाही. "आराम करून माणूस परत येतो," ते मला म्हणाले, "पण काम तेवढंच ठेवलं तर आला तसा परत जातो. मग आरामाचा काय उपयोग?"

त्यानंतर काही वर्षांनी मास्तर वयामुळे मिल सोडून गेले. सुरतेतच कतारगामला मुलीकडे राहायला गेले, बायको आधीच वारली होती. टेबल मी चालू ठेवलं. मधे मधे त्यांचे फोन यायचे, तक्रारींनी भरलेले. जावई टीव्ही मोठ्याने लावतो, भाजीवाला ठगतो, आणि वांगी. वांग्यांवर त्यांचा भारी राग. खानदेशातल्या हिरव्या वांग्याचं भरीत खाल्लेल्या माणसाला इथल्या बाजारातली वांगी म्हणजे अपमान वाटायचा. मग मला कळलं की ते परत काम करतात, पण घरूनच. बरं आहे, मी म्हटलं, वेळ जाईल. नंतर फोन कमी झाले आणि मीही माझ्या व्यापात राहिले.

तर रविवारी भरीत घेऊन मी कतारगामला गेले. मुद्दाम बमरोलीच्या कोपऱ्यावरच्या गाडीवरची, जांभळी, पाणचट वांगी घेतली होती. मास्तर खुर्चीत बसले होते, तोच पांढरा सदरा. मला बघून गोड हसले. "ये बेटा." मला त्यांनी आयुष्यात बेटा म्हटलं नव्हतं.

"कसे आहात मास्तर?"

"मजामां."

मी ताटलीत भरीत वाढलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. "छान शे," म्हणाले.

"मास्तर, वांगं इथल्या बाजाराचं आहे."

"छान शे ना."

तेवढ्यात मांडीवरचा मोबाइल वाजला. त्यांनी चष्माही न लावता बघितलं, अंगठ्याने ओके टाकलं आणि पुढचा घास घेतला. लगेच परत वाजला, परत ओके. मी वाकून पाहिलं तर स्क्रीनवर कापडाचा फोटो होता. त्यांची मुलगी कौतुकाने सांगायला लागली की एका तरुण शेठने बाबांना ठेवलंय, त्याच्या दोन मिल आहेत, फार आदराने बोलतो. दादा, तुम्ही कुठे यायचं नाही, फक्त फोनवर शेड बघून सांगायचं, असं म्हणाला. सकाळी उठल्यापासून फोटो येतात, जेवताना येतात, सणालाही येतात. बाबा एकालाही नाही म्हणत नाहीत.

फोनवर शेड. ज्या माणसाने ओढणीचा लाल कापडावर पडतो म्हणून मला बाहेर पाठवलं होतं, तो जेवताना मोबाइलवर शेड पास करत होता. मी विचारलं, "मास्तर, हा राणी आहे की डाळिंबी?"

"असेल काहीतरी."

"डोळे धुतले का?"

ते पुन्हा गोड हसले. "आता कशाला," म्हणाले.

मी त्यांच्या मुलीला स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, तुझे बाबा गोड झाले नाहीत गं, ते दमून गेलेत. आतून गेलेत. तिला पटेना. "ताई, दिवसभर बसून तर असतात." मग मी तिला वामनभाऊंचं सांगितलं, माझं सांगितलं, सगळं. ती गॅसच्या ओट्याला टेकून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "पाडव्याला आईच्या फोटोला हार घालायचं विसरले. मी म्हटलं वय झालं. आणि काल मी भाजीत मीठच टाकलं नव्हतं. त्यांनी ती सगळी खाल्ली. मला वाटलं, किती समजूतदार झालेत." आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं.

तिने तिथूनच त्या शेठला फोन लावला. तो खरंच नम्रपणे बोलत होता, स्पीकरवर मी ऐकलं. "बेन, दादांनी तर कधी तक्रारच केली नाही. मला काय खबर? अन् आता सीझन चालू आहे, थोडे दिवस काढून घ्या ना." मास्तरांचीच मुलगी ती. इतका वेळ रडत होती, पण थोडे दिवस म्हटल्यावर तिने त्याला जे सुनावलं, ते ऐकून मला जुने दिवस आठवले. बाबा फोनवर एक शेड बघणार नाहीत. दोन महिने काहीच बघणार नाहीत. त्यानंतर त्यांना वाटलं तर कापड घेऊन घरी यायचं, दिवसा, आणि रविवारी नाही. मग तिने बाहेर जाऊन बाबांच्या मांडीवरचा मोबाइल उचलला, बंद केला आणि गव्हाच्या कोठीत टाकला.

मास्तर बघत राहिले. "बरं," म्हणाले. मला त्या बरंची फार भीती वाटली. ते माझंच बरं होतं, पर्स उचलून निघतानाचं.

पुढच्या रविवारी मी मिलमधून कोऱ्या कापडाचा एक तुकडा नेला आणि त्यांच्या खुर्चीसमोर टांगला. ते त्याच्याकडे बघायचे आणि झोपून जायचे. मुलगी घाबरून विचारायची, इतकं झोपतात, बरं नाही का? मी म्हणायचे, झोपू दे. रोज चार वाजता मी तिच्या फोनवर फोन करायचे. "काय कुरकुर, मास्तर?" "काही नही." "बरं." आणि दर रविवारी भरीत. मी हट्टाने वाईट भरीत करायला लागले. वांगं अर्धं कच्चं ठेवायचं, मिरची कमी, एकदा तर वरून साखर टाकली. घरीही तेच खावं लागायचं, नवऱ्याने हात जोडले. मास्तर मात्र ताटली पुसून खायचे आणि छान शे म्हणायचे. परत येताना रिक्षात मला वाटायचं, मी फार उशिरा आले. मला त्यांनी महिन्याभरात ओळखलं होतं. त्यांना ओळखायला मी तिथे नव्हते, आणि त्यांच्या घरात चार वाजता विचारणारं कुणी नव्हतं. सगळ्यांना विचारून झाल्यावर मास्तरांना कुणी विचारायचं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात कधी आलं नाही.

उन्हाळा सरत आला. मी फोन करायचे, ते काही नही म्हणायचे.

मग एके दिवशी लॅबमध्ये चहा आला होता, सगळे जमले होते, आणि मी मास्तरांना लावायला फोन हातात घेतला, तोच तो वाजला. त्यांच्या मुलीचा नंबर. उचलला.

"काय वं," पलीकडून मास्तरांचा आवाज आला, खरखरीत, जुना. "परवा आणेल ते काय व्हतं?"

"भरीत, मास्तर."

"भरीत व्हतं का ते? साखर घालतीस भरतात? आई-बापानं हेच शिकाडं का तुले? इतके दिवस मी काही बोललो नाही म्हणून वाटेल ते खाऊ घालायचं? आणि ते कापड टांगलंस समोर, त्याचा एक कोपरा पिवळा पडलाय, दिसत नाही तुला? धुतेस का नाही डोळे? आणि ही इथे माझा मोबाइल गव्हात टाकून बसलीय, तो गहू आम्ही खातो का नाही?"

समोर वामनभाऊ कप हातात धरून माझ्याकडे बघत होते, त्यांना वाटलं काही वाईट बातमी आहे. मी मान हलवली, पण डोळे वाहत होते त्यामुळे त्यांना काय कळलं कुणास ठाऊक.

"ऐकतेस का?" मास्तर म्हणाले. "अजून संपलं नाही माझं."

"थांबा मास्तर," मी म्हटलं, "एक मिनिट." मी टेबलावरची बशी बाजूला सारली, फोन सगळ्यांच्या मधे ठेवला आणि स्पीकर चालू केला. "हं, आता बोला."